बॅरी बॉन्ड्ससाठी वाजवलेल्या टाळ्यांचे काय करायचे?

खाडीकाठचा (धागाकर्ता)

सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मी २००० साली आलो. त्याच वर्षी जायंट्स संघाचे नवे मैदान अगदी पाण्याला लागून उभे राहिले होते. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल सुरुवातीला अर्धामुर्धा खेळ वाटतो. फलंदाज दहापैकी सात वेळा बाद होतो आणि तरीही त्याला थोर म्हणतात, हे पचायला वेळ लागतो. माझ्या बाबतीत तो वेळ जायंट्सच्या बॅरी बॉन्ड्सने फार कमी केला. २००१ मध्ये त्याने एका हंगामात ७३ होम रन (आपल्या षटकारासारखे, चेंडू थेट मैदानापार धाडणारे फटके) मारले. उजव्या बाजूची भिंत ओलांडून चेंडू खाडीत पडायचे आणि ते वेचायला लोक छोट्या होड्या घेऊन थांबलेले असायचे.

२००४ चा हंगाम मात्र आकड्यांवर विश्वास बसू नये असा होता. त्या वर्षी तो ६१७ वेळा फलंदाजीला आला आणि त्यांपैकी २३२ वेळा त्याला वॉक मिळाला, म्हणजे पिचरने (गोलंदाजाने) चार चेंडू कक्षेबाहेर टाकून त्याला फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिले. यातले १२० वॉक उघडपणे, ठरवून दिलेले होते. प्रतिस्पर्धी संघाने ‘याच्याशी खेळायचेच नाही’ असा निर्णय घेतला, की आम्ही प्रेक्षक रबराच्या कोंबड्या उंच धरून हलवायचो, कारण इथे भित्र्याला कोंबडी म्हणतात. माझ्याकडेही एक होती.

आता मुद्द्याकडे येतो. हाच बॉन्ड्स पत्रकारांशी तुसडेपणाने वागे. क्लबहाऊसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या खोलीत, त्याची स्वतंत्र आरामखुर्ची होती, स्वतंत्र टीव्ही होता आणि सहकाऱ्यांपासून तो एका अदृश्य भिंतीपलीकडे राहत असे. जून २००२ मध्ये सॅन दिएगोच्या सामन्यात त्याची आणि संघसहकारी जेफ केंटची डगआऊटमध्येच, कॅमेऱ्यांसमोर धक्काबुक्की झाली. पुढे उत्तेजकांचे प्रकरण निघाले. ते २००३ पासून न्यायालयात रेंगाळले. २०११ मध्ये तपासात अडथळा आणल्याबद्दल तो दोषी ठरला आणि २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला.

डिसेंबर २०२५ मध्ये हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे थोर बेसबॉलपटूंच्या सन्मानदालनाच्या, १६ जणांच्या समितीने जुन्या खेळाडूंचा फेरविचार केला. १४ मते मिळवून आत गेला तो जेफ केंट. बॉन्ड्सला पाच मतेही मिळाली नाहीत. ७६२ होम रन आणि सात वेळा सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवलेला माणूस बाहेर, आणि त्याच्याशी ज्याचे पटत नव्हते तो आत! बातमी वाचून मला राग आला, आणि राग आल्याबद्दल थोडी लाजही वाटली. जो माणूस शेजारी म्हणून मला आठवडाभरही सहन झाला नसता, त्याच्यासाठी मी इतका का तळमळतो आहे? तुम्ही अशा खेळाडूंचे काय करता, हे जाणून घ्यायला हा धागा काढला आहे.

शिवाजी_पार्क_कट्टा

बेसबॉलमधले मला ओ की ठो कळत नाही, तरी प्रश्न ओळखीचा वाटला. आपल्याकडे एखाद्याला डोक्यावर घेतले, की त्याच्या उर्मटपणालाही आपण ‘आक्रमकता’ म्हणतो, आणि तो धावा करायचा थांबला की त्याच गुणाला ‘माज’ म्हणतो. एक शंका आहे. सन्मान खेळाचा असेल तर त्यात स्वभाव येतोच कुठे? धावा मोजाव्यात आणि मोकळे व्हावे.

खाडीकाठचा

@शिवाजी_पार्क_कट्टा, अडचण नेमकी तिथेच आहे. हॉल ऑफ फेमच्या मतदानाच्या नियमात खेळाडूची कामगिरी आणि कौशल्य यांच्या जोडीला सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. पहिल्या फेरीत मत देतात ते बेसबॉलवर लिहिणारे अनुभवी पत्रकार. ७५ टक्के मते मिळाली तरच प्रवेश मिळतो आणि आता खेळाडूला दहाच वर्षे संधी असते. बॉन्ड्सला २०२२ मध्ये, शेवटच्या संधीला, ६६ टक्के मते पडली. चारित्र्याची पारख जे करणार तेच पंधरा-वीस वर्षे त्याच्या लॉकरसमोर ताटकळत उभे राहिलेले आणि अपमान गिळून परत गेलेले, अशी ही रचना आहे. फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असावेत, तसे हे मला वाटते.

तिसरा_स्ट्राइक

धागाकर्त्यांच्या या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, आणि माझ्याकडे त्याला ठोस उत्तर आहे. फिलाडेल्फियाचा डावखुरा पिचर स्टीव्ह कार्लटन वर्षानुवर्षे पत्रकारांशी बोलतच नसे. बोलत नसे म्हणजे अक्षरशः बोलत नसे. १९७२ मध्ये त्याच्या संघाने अख्ख्या हंगामात ५९ सामने जिंकले, त्यांतले २७ एकट्या कार्लटनच्या नावावर आहेत. १९९४ मध्ये याच ‘अपमानित’ पत्रकारांनी त्याला पहिल्याच वर्षी ९५ टक्क्यांहून अधिक मते देऊन आत घेतले. तेव्हा बॉन्ड्स बाहेर राहिला तो तुसडेपणामुळे, हे कारण मला पटत नाही. तो उत्तेजकांच्या संशयामुळे बाहेर आहे आणि ते योग्यच आहे. ‘वाईट स्वभाव’ हा शब्द इथे एका मोठ्या गोष्टीवर पांघरूण घालायला वापरला जातो आहे, असे मी नम्रपणे सांगू इच्छितो.

खाडीकाठचा

कार्लटनचे उदाहरण बिनतोड आहे आणि फिर्यादी-न्यायाधीशाचे वाक्य मी निम्मे मागे घेतो. निम्मेच, कारण उरलेल्या निम्म्यासाठी मला १९९८ चा उन्हाळा आठवतो. मी तेव्हा इथे नव्हतो, पण तो इतक्या वेळा ऐकला आहे की पाहिल्यासारखाच वाटतो. मार्क मॅग्वायरने त्या वर्षी ७० आणि सॅमी सोसाने ६६ होम रन मारले. दोघे हसतमुख. एक मुलाला उचलून मिठी मारणारा, दुसरा छातीवर हात ठेवून आकाशाकडे चुंबन पाठवणारा. त्याच ऑगस्टमध्ये एका वार्ताहराला मॅग्वायरच्या लॉकरमध्ये अँड्रोस्टीनडायोन या द्रव्याची बाटली दिसली आणि त्याने ती बातमी दिली. ते द्रव्य बेसबॉलमध्ये तेव्हा निषिद्ध नव्हते, पण ऑलिंपिकमध्ये होते. झोड कोणावर उठली? वार्ताहरावर! दुसऱ्याच्या लॉकरमध्ये डोकावला म्हणून. मॅग्वायरने स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली ती २०१० मध्ये.

पाप एकच होते असे धरून चालू. गोड माणसाच्या वेळी देशाने डोळे मिटून घेतले आणि कडू माणूस आल्यावर ते वटारले. २००६ च्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी सॅन दिएगोच्या प्रेक्षकांतून बॉन्ड्सच्या दिशेने प्लास्टिकची सिरिंज फेकली गेली. मॅग्वायरवर कोणी फेकली असती, असे मला वाटत नाही. पुढे मॅग्वायरही हॉल ऑफ फेमबाहेरच राहिला, हे मान्य आहे. पण त्याच्या वाट्याला उन्हाळा आला होता. बॉन्ड्सने ७ ऑगस्ट २००७ रोजी हँक आरनचा कारकिर्दीतल्या सर्वाधिक होम रनचा विक्रम मोडला, तेव्हा बेसबॉलचे आयुक्त मैदानात नव्हते. पडद्यावर आरनचा शुभेच्छासंदेश मात्र दाखवला गेला, आणि त्या रात्री सर्वांत सभ्य माणूस कोणता हे सगळ्या मैदानाला कळले.

बॉस्टनवारी

माझा नायक बॉस्टनचा फलंदाज टेड विल्यम्स आहे. तो माझ्या जन्माआधीच निवृत्त झाला, तरी या शहरात राहून त्याच्यापासून सुटका नाही. १९४१ मध्ये त्याने ०.४०६ ची सरासरी राखली, म्हणजे दर हजार संधींमागे ४०६ यशस्वी फटके. त्यानंतर आजवर अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगमध्ये कोणी पूर्ण हंगामात ०.४०० ला पोचलेला नाही. त्याचा स्वभाव म्हणाल तर उकळते पाणी. १९५६ मध्ये घरच्या मैदानावरच तो प्रेक्षकांच्या आणि पत्रकारांच्या दिशेने थुंकला आणि क्लबने त्याला ५,००० डॉलर दंड केला. १९४७ मध्ये सरासरी, होम रन आणि धावा या तिन्ही याद्यांत तो पहिला होता, तरी सर्वोत्तम खेळाडूचा किताब पत्रकारांच्या मतदानात एका गुणाने न्यू यॉर्कच्या जो डिमॅजिओकडे गेला. बॉस्टनच्या पत्रकारांशी त्याचे किती वाकडे होते, हे सांगताना लोक अजून तो एक गुण पुढे करतात.

२८ सप्टेंबर १९६० रोजी शेवटच्या खेळीत त्याने होम रन मारला. लोक ओरडत राहिले, पण त्याने टोपीला हात लावला नाही. आपल्याकडे शतक झाल्यावर बॅट उंचावणे जितके सहज, तितकेच इथे टोपी किंचित उचलणे. ते त्याने केले नाही. लोकांनी एकतीस वर्षे ती टोपी लक्षात ठेवली आणि १९९१ मध्ये त्याच मैदानावरच्या समारंभात त्याने ती अखेर उचलली.

मात्र याच माणसाने १९६६ मध्ये हॉल ऑफ फेमच्या व्यासपीठावरून, स्वतःच्या सन्मानाच्या भाषणात, सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांची नावे घेतली. निग्रो लीगमधल्या (मोठ्या लीगची दारे बंद असताना कृष्णवर्णीय खेळाडू जिथे खेळत त्या लीगमधल्या) थोर खेळाडूंना केवळ संधी मिळाली नाही म्हणून ते इथे नाहीत, त्यांनाही एक दिवस इथे स्थान मिळावे, असे तो म्हणाला. कोणी त्याला ते बोलायला सांगितले नव्हते. कर्करोगाच्या लहान रुग्णांना भेटायला तो वर्षानुवर्षे जात राहिला, आणि त्याचा गाजावाजा होऊ नये अशी त्याची अट असे. ज्याला आपण ‘वाईट स्वभाव’ म्हणतो तो बऱ्याचदा माणसाचा दर्शनी भाग असतो, आणि गंमत म्हणजे प्रेक्षकाला तेवढाच भाग दिसत असतो.

जुनी_पाने

धाग्यात अजून डेट्रॉइटचा जुना फलंदाज टाय कॉब याचे नाव कसे आले नाही याचे आश्चर्य वाटत होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ‘बेसबॉलमधला सर्वांत वाईट माणूस’ हे बिरुद साठ-सत्तर वर्षे त्याच्याकडे आहे. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी पहिल्यांदा मतदान झाले, तेव्हा २२६ पैकी २२२ मते कॉबला मिळाली. बेब रूथपेक्षा सात अधिक. म्हणजे जिवंतपणी त्याला ओळखणाऱ्या पत्रकारांनी त्याला पहिला क्रमांक दिला आणि मेल्यानंतर तो राक्षस झाला. ही उलथापालथ कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे.

तो भांडखोर होता, यात वाद नाही. १५ मे १९१२ रोजी न्यू यॉर्कमध्ये त्याला सतत शिव्या देणाऱ्या एका प्रेक्षकावर तो थेट प्रेक्षकांत चढून तुटून पडला. त्या माणसाचा एक हात आणि दुसऱ्या हाताची काही बोटे छापखान्यातल्या अपघातात गेलेली होती. आजूबाजूच्यांनी ते ओरडून सांगितले, तरी कॉब थांबला नाही. लीगच्या अध्यक्षाने त्याला निलंबित केले. यानंतर जे घडले ते मला अधिक बोलके वाटते. ज्या सहकाऱ्यांना कॉब फारसा आवडत नव्हता, त्यांनीच त्याच्यासाठी संप केला. डेट्रॉइटच्या व्यवस्थापनाने फिलाडेल्फियात मिळतील ती पोरे गोळा करून मैदानात उतरवली आणि संघ २४-२ असा हरला. ते सगळे २४ रन ज्याच्या चेंडूंवर गेले, तो पिचर पुढे कॅथलिक धर्मगुरू झाला.

आता दुसरी बाजू. कॉबच्या शेवटच्या दिवसांत आत्मचरित्र लिहून देण्यासाठी ॲल स्टम्प नावाचा लेखक त्याच्यासोबत होता. कॉब १९६१ मध्ये गेल्यावर स्टम्पने स्वतंत्रपणे जे लिहिले, त्यातून आजचा कॉब तयार झाला. डेट्रॉइटमध्ये कॉबने एका लुटारूला ठार मारले, ही त्यातली एक कथा. संशोधकांनी त्या काळच्या शवचिकित्सेच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असा कोणताही मृत्यू सापडला नाही. कॉबच्या म्हणून स्टम्पकडून बाजारात आलेली पत्रे आणि वस्तू बनावट असल्याचेही पुढे उघड झाले. उलट १९५२ मध्ये, कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये मनापासून स्वीकारले पाहिजे, असे कॉब जाहीरपणे म्हणाला होता. जॉर्जियात जन्मलेल्या त्या पिढीच्या माणसाकडून असे बोलणे दुर्मीळ होते. रॉयस्टन या आपल्या गावात त्याने आईवडिलांच्या नावाने रुग्णालय काढले आणि गरजू विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीचा निधी उभारला.

याचा अर्थ कॉब संत होता असा मुळीच नाही. हात गमावलेल्या माणसाला मारलेल्या लाथा खऱ्याच आहेत. माझे म्हणणे एवढेच, की ‘माणूस म्हणून वाईट, खेळाडू म्हणून थोर’ अशी तराजूची दोन पारडी आपण मांडतो, तेव्हा खेळाचे पारडे हजारो साक्षीदारांसमोर, धावपत्रकासकट भरलेले असते, आणि माणसाचे पारडे बहुतेकदा कोणीतरी सांगितलेल्या गोष्टींनी. पहिल्याइतकाच कडक हिशेब दुसऱ्याचाही मागितला पाहिजे.

वाऱ्याचे_गाव

जुनी_पाने यांचा प्रतिसाद आवडला. पण कडक हिशेब मागण्याच्या नावाखाली आपण फार सोयीस्कर उदाहरणे घेत आहोत, असे मला वाटते. टोपी उचलली नाही, पत्रकाराशी बोलला नाही, आरामखुर्चीत बसला. यातले काहीच माझ्या झोपेच्या आड आले नसते. मी शिकागोची आणि इथल्या कब्ज संघाची. माझी झोप गेली ती २०१६ मध्ये.

ॲरोल्डिस चॅपमन हा पिचर ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने चेंडू टाकतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या त्याच्या घरी पोलीस बोलावले गेले. आपला गळा धरला असे त्याच्या मैत्रिणीने पोलिसांना सांगितले आणि त्याने ते नाकारले. गॅरेजमध्ये पिस्तुलाच्या आठ गोळ्या झाडल्याचे मात्र समोर आले. फौजदारी आरोप दाखल झाला नाही, पण घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या नव्या धोरणाखाली बेसबॉलने ज्याला शिक्षा केली असा तो पहिला खेळाडू ठरला. तीस सामन्यांचे निलंबन. आरोपामुळे त्याची ‘किंमत’ उतरली आणि न्यू यॉर्कच्या यँकीज संघाने त्याला स्वस्तात उचलले. जुलै २०१६ मध्ये, विजेतेपदाच्या वाटेवर असताना, आमच्या कब्जने त्याला आणले.

१०८ वर्षे विजेतेपद न मिळालेल्या संघाच्या चाहत्याला कोणत्या परीक्षेत बसवले गेले, हे बाहेरच्याला कळणार नाही. माझ्या शेजारचे आजोबा ऐंशी वर्षे वाट पाहत होते. शहरातल्या एका चाहतीने जाहीर केले, की चॅपमन जितके सामने वाचवील (शेवटी येऊन संघाची आघाडी टिकवील) तितक्यांदा ती घरगुती हिंसेच्या पीडितांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दहा डॉलर देईल, आणि बघता बघता इतर अनेक जण तिच्याबरोबर आले. मीही दिले. पैसे देताना मला बरे वाटायचे, आणि बरे वाटले म्हणून संशय यायचा, की हे प्रायश्चित्त आहे की तिकीट?

२ नोव्हेंबरच्या रात्री, वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यात, नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये चॅपमनच्या चेंडूवर रजाई डेव्हिसने होम रन मारला आणि सामना बरोबरीत आला. घरातले सगळे डोके धरून बसले. माझ्या मनात एका क्षणापुरते जे आले ते इथे लिहिते, कारण टोपणनाव आहे: मला आनंद झाला. लगेच पुढच्या क्षणी मी घाबरले, कारण आता आम्ही हरणार होतो. दहाव्या इनिंगमध्ये आम्ही ८-७ असे जिंकलो. मी रडले, नाचले, आजोबांना मिठी मारली. विजेतेपद कोणी परत करत नाही. मीही केले नाही.

त्यामुळे ‘खेळ आणि माणूस वेगळे ठेवा’ असे कोणी म्हणाले की मी विचारते, ते वेगळे ठेवण्याचा खर्च कोण देतो? बॉन्ड्सच्या तुसडेपणाचा खर्च वार्ताहरांनी दिला, त्यांना त्याचा पगार मिळत होता. चॅपमनच्या प्रकरणात तो खर्च एका बाईच्या नावे पडला आणि टाळ्या आमच्या वाट्याला आल्या.

गल्ली_क्रिकेट

एवढा विचार करून सामना बघायचा तर बघायचाच कशाला? तिकीट काढावे, खेळ पाहावा, घरी जावे. खेळाडूला जावई करून घ्यायचे नाही आपल्याला.

वाऱ्याचे_गाव

@गल्ली_क्रिकेट, जावई करून घ्यायचे नाही हे खरे. पण आपण त्याच्या नावाचा शर्ट विकत घेतो आणि आपल्या मुलांच्या अंगावर घालतो. जावयालाही इतके कोणी करत नाही. आणि क्लबाला हे चांगले ठाऊक असते. २०१८ मध्ये ह्यूस्टनने रोबेर्तो ओसूना या पिचरला घरगुती हिंसेच्या प्रकरणातल्या ७५ सामन्यांच्या निलंबनाच्या काळातच आपल्याकडे घेतले. पुढच्या वर्षी संघ अंतिम फेरीत पोचल्याच्या रात्री क्लबहाऊसमध्ये त्यांचा एक वरिष्ठ अधिकारी महिला वार्ताहरांच्या दिशेने ‘बरे झाले ओसूना घेतला’ अशा अर्थाचे शिवराळ ओरडला. क्लबने आधी वार्ताहरावरच खोटेपणाचा ठपका ठेवला, आणि मग अंगाशी आल्यावर त्या अधिकाऱ्याला काढून टाकले. प्रेक्षक विचार करणार नाहीत, या भरवशावरच हे सगळे चालते.

मिनेसोटाकर

वरच्या सगळ्या प्रतिसादांत ‘वाईट दिसणारे’ खेळाडू आहेत. मी एक ‘चांगला दिसणारा’ देतो. आमच्या मिनेसोटाचा फलंदाज कर्बी पकेट. बुटका, गोल, सदा हसरा. १९९१ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या सहाव्या सामन्यात अकराव्या इनिंगला त्याने मारलेला होम रन इथे लोक अजून घरातल्या कार्याची आठवण काढावी तसा सांगतात. काचबिंदूमुळे त्याचा खेळ अकाली थांबला, तेव्हा सगळे राज्य हळहळले. २००१ मध्ये तो पहिल्याच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि मतदारांपैकी कोणाला चारित्र्याच्या अटीची अडचण वाटली असेल, असे मला वाटत नाही. त्यानंतर पत्नीने केलेले छळाचे आरोप बाहेर आले. दुसऱ्या एका स्त्रीने केलेल्या तक्रारीचा खटला चालला, त्यात २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. २००६ मध्ये, ४५ व्या वर्षी, तो गेला. आमच्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे, मूठ उंचावलेला.

मी मुलांना तिथे नेतो, त्यांचे फोटो काढतो. पण पूर्वी मी ‘हा फार चांगला माणूस होता’ असे म्हणायचो, ते वाक्य आता गळले आहे. आता मी त्यांना फक्त तो होम रन सांगतो. तुसड्या खेळाडूचा निदान एक उपकार असतो, की तो आपल्याला ओळखीच्या भ्रमात ठेवत नाही. हसऱ्याने मला बारा वर्षे ठेवले.

तिसरा_स्ट्राइक

मिनेसोटाकर, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझ्या पहिल्या प्रतिसादात एक भर घालतो. मी उत्तेजकांना ‘मोठी गोष्ट’ म्हटले होते. वाऱ्याचे_गाव यांनी लिहिले ते वाचल्यावर ती मला मधली गोष्ट वाटू लागली आहे. फसवणूक खेळाशी झाली, तेव्हा तिची शिक्षा खेळाने द्यावी आणि हॉल ऑफ फेमचे दार बंद ठेवावे, हे माझे मत कायम आहे. पण पीट रोझचेच पाहा. स्वतःच्या संघाच्या सामन्यांवर पैसे लावले म्हणून त्याला १९८९ मध्ये कायमचे बाहेर काढले आणि इतकी वर्षे आपण फक्त त्या जुगारावर वाद घालत राहिलो. १९७० च्या दशकात तो विवाहित असताना आपल्याशी शरीरसंबंध होते आणि तेव्हा आपण सोळा वर्षांच्याही नव्हतो, असे एका स्त्रीचे शपथेवरचे निवेदन २०१७ मध्ये पुढे आले. आपल्या समजुतीप्रमाणे ती सोळाची होती, असे रोझचे म्हणणे होते. फिलाडेल्फियाच्या संघाने त्याचा ठरलेला सत्कार रद्द केला. पण २०२४ मध्ये तो वारल्यावर आणि २०२५ मध्ये त्याच्यावरची बंदी मरणोत्तर उठल्यावर चर्चा पुन्हा जुगार आणि त्याचे ४,२५६ हिट्स (यशस्वी फटके) यांच्याभोवतीच फिरली. आपला नैतिक संताप धावपत्रकाला लागून असलेल्या पापांपुरताच जागा असतो, असे दिसते.

खाडीकाठचा

सर्वांचे आभार. धागा काढताना माझ्या मनातला प्रश्न ‘बॉन्ड्स आत जावा की नाही’ असा होता. आता तो मला दुय्यम वाटतो. मी तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरून हिंडत होतो, असे लक्षात आले. त्याचा तुसडेपणा हा त्याच्या सहकाऱ्यांचा आणि वार्ताहरांचा प्रश्न होता, माझा नव्हता. मी तो उगाच स्वतःच्या अंगाला लावून घेतला, कारण आपल्याला आवडणाऱ्या माणसाने आपल्यालाही आवडून घ्यावे अशी चाहत्याची बालिश अपेक्षा असते. उत्तेजकांचा प्रश्न माझा थोडासा आहे, कारण मी जे पाहून थक्क झालो त्यात औषधाचा वाटा किती हे मला कधीच कळणार नाही, आणि ती रुखरुख मी बाळगायला तयार आहे. वाऱ्याचे_गाव यांनी मांडलेला प्रश्न मात्र पूर्णपणे माझा आहे. बॉन्ड्सच्या घटस्फोटाच्या खटल्यात आणि नंतरही त्याच्या खासगी आयुष्याबद्दल काही गंभीर आरोप झाले होते, ते मी तेव्हा वर्तमानपत्राचे पान उलटावे तसे उलटले होते. २००४ मध्ये कोंबडी हलवताना ते माझ्या मनात एकदाही आले नाही. आरोपांतले खरे किती, हे ठरवायला मी न्यायाधीश नाही. पण मी पान उलटले होते, एवढे नक्की.

त्याचा २५ क्रमांकाचा शर्ट कपाटात आहे. क्लबने २०१८ मध्ये तो क्रमांक निवृत्त केला, त्या दिवशी मी तो शेवटचा घातला होता. मुलगी आता सॉफ्टबॉल खेळते आणि तिला तो हवा आहे. वरचे सगळे तिला वाचायला देऊन मग शर्ट देणार आहे. घालायचा की नाही ते ती ठरवील.

शिवाजी_पार्क_कट्टा

मला अजूनही या खेळाचे नियम कळलेले नाहीत, पण हा बॉन्ड्स एकदा पाहावा असे वाटू लागले आहे. कुठून सुरुवात करू?

खाडीकाठचा

२००२ च्या वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना शोधा, नववी इनिंग. समोर ॲनाहाइमचा पिचर ट्रॉय पर्सिव्हल आहे आणि तो जोरदार वेगवान चेंडू टाकतो. चेंडू कुठे पडला ते पाहू नका. त्याऐवजी ॲनाहाइमच्या डगआऊटमध्ये बसलेल्या टिम सॅमनचे ओठ पाहा. इतक्या लांब मारलेला चेंडू मी आजवर पाहिला नाही, असे तो शेजारच्याला सांगतो आहे. तो सामना आम्ही ११-१० असा हरलो.